हवेतले खड्डे

एप्रिल-मे महिन्यात दुपारी एस.टी.नं बीडहून पाटोद्याकडे गेला असाल तर वावटळ बघितली असेलच. नांगरून तापत पडलेलं काळं रान, कुठे हालचाल नाही, आणि अचानक मधेच धुळीचा एक खांब उभा राहतो. पाचटाचे तुकडे, पॉलिथिनच्या पिशव्या, पाला असं सगळं गरागरा फिरत वर जातं. मिनिटभरात सगळं शांत. वावटळीत भूत असतं, तिच्या वाटेत उभं राहू नये, असं म्हातारी माणसं सांगायची. आम्हाला अर्थातच त्या भुताला बघायला पळत जायचं असायचं.

तर मंडळी, आजचा विषय हे भूतच आहे. फक्त ते जमिनीवरून नाही, चार हजार फुटांवरून आणि छोट्या विमानातून बघायचं आहे.

विषय डोक्यात यायचं कारण म्हणजे गावाकडचा एक पोरगा. मला दादा म्हणतो. सध्या वैमानिकाचं ट्रेनिंग घेतोय. कमर्शियल लायसन्ससाठी आपल्याकडे २०० तास उड्डाण लागतं, आणि त्यातला एकेक तास किती महाग असतो ते घरच्यांनी काढलेल्या कर्जावरून कळतं. परवा फोनवर म्हणाला, "दादा, सकाळचं फ्लाइंग मस्त होतं. पण अकरानंतर विमान असं काही आदळतं की पोटात गोळाच येतो. हात आपोआप कंट्रोलवर आवळले जातात. सोडून द्यावं वाटायलंय." घरी सांगितलं नाहीये. सांगणार तरी काय? जमीन गहाण आहे.

"घाबरू नकोस रे" हे सांगायला सोपं. पण "घाबरू नकोस" हा काही उपाय नव्हे. मॅनेजरनं "पॅनिक होऊ नका" म्हटल्यावर सर्व्हर चालू होतो का? म्हणून गेले दोन वीकेंड मी या भीतीचा इतिहास वाचत बसलो. आणि तो भारी निघाला. कारण माणसानं ही भीती छातीठोकपणानं घालवलेली नाही. समजून घेऊन घालवली आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे.

आधी भीती खरी होती

पहिली गोष्ट म्हणजे ही भीती वेडगळ नाही. जर्मनीचा ओट्टो लिलिएंथाल हा ग्लायडरनं उडणारा पहिला खराखुरा वैमानिक. सुमारे दोन हजार उड्डाणं केलेला माणूस. ९ ऑगस्ट १८९६ ला, उन्हाच्या दिवशी, टेकडीवरून उडताना वाऱ्याच्या झोतानं त्याच्या ग्लायडरचं नाक वर उचललं. पंखांची पकड सुटली आणि तो साधारण १५ मीटरवरून खाली आला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये गेला. ही बातमी अमेरिकेत सायकली दुरुस्त करणाऱ्या राइट बंधूंनी वाचली आणि त्यांनी या प्रश्नात लक्ष घातलं. म्हणजे विमानाच्या इतिहासाची सुरुवातच एका झोतापासून आहे म्हणा ना.

त्यानंतर विमानं उडायला लागली, पण हवा नक्की काय करते हे कोणालाच माहीत नव्हतं. 'एअर पॉकेट' हा शब्द त्याच सुरुवातीच्या काळात रूढ झाला. हवेत म्हणे भोकं असतात आणि विमान त्यात पडतं! आपण अजूनही "हवेत खड्डा आला" म्हणतोच. आता खड्डे या विषयावर आम्हा बीडकरांना कोणी शिकवायची गरज नाही, पण हवेत खड्डे नसतात. असतात ते वर जाणारे आणि खाली येणारे झोत. वर जाणाऱ्या झोतातून खाली येणाऱ्या झोतात विमान शिरलं की 'पडल्यासारखं' वाटतं, एवढंच.

हे शास्त्र लोकांनी किती गंभीरपणे घेतलं बघा. आजच्या नासाची आजी म्हणजे अमेरिकेची 'नॅका' ही संस्था. स्थापना मार्च १९१५. तिच्या पहिल्या क्रमांकाच्या तांत्रिक अहवालाचा विषय काय होता? वेग नाही, इंजिन नाही, बॉम्ब तर नाहीच. विषय होता, झोतामध्ये विमान कसं वागतं. हन्सेकर आणि विल्सन या दोघांनी गणितं मांडून दाखवलं की विमान झोतातून बाहेर आल्यावर स्वतःला सावरतं का आणि कसं. म्हणजे बग ट्रॅकरमधला तिकीट नंबर एक.

पार्कचा डाव्या-उजव्याचा निर्णय

त्या काळात वैमानिकांना धक्क्यांपेक्षा जास्त भीती होती ती धक्क्यानंतर होणाऱ्या गोष्टीची, म्हणजे स्पिनची. विमान एका बाजूनं पकड सोडतं आणि गरगरत खाली येतं. वावटळच, पण उलटी. त्यात सापडलेला माणूस गेला अशीच समजूत होती.

२५ ऑगस्ट १९१२ ला इंग्लंडमध्ये लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क लोकांसमोर असाच गरगरायला लागला. सुचलं ते सगळं करून झालं, उपयोग शून्य. शेवटी त्यानं त्यावेळच्या समजुतीच्या विरुद्ध, गिरकीच्या उलट्या दिशेनं रडर दाबलं. विमान सरळ झालं तेव्हा जमीन साधारण पन्नास फुटांवर होती. उतरल्यावर या गड्यानं नवस फेडायला जाण्याऐवजी आपण कुठल्या क्षणी काय केलं हे सगळं जाणकारांना नीट सांगितलं आणि त्याची नोंद झाली. आपल्या भाषेत पोस्टमॉर्टेम डॉक्युमेंट. दुर्दैवानं त्याच डिसेंबरात तो दुसऱ्या अपघातात गेला. पण उलटा रडर आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो.

स्मिथ-बॅरीची शाळा

इथे माझा आवडता माणूस येतो. रॉबर्ट स्मिथ-बॅरी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची कितीतरी पोरं लढाईवर जायच्या आधी ट्रेनिंगमध्येच मरत होती. शिकवायची पद्धत अशी, की 'धोकादायक' गोष्टी करायच्याच नाहीत. झोताच्या हवेत जायचं नाही, स्पिनचं नाव काढायचं नाही. साहजिकच खरा झोत आला की पोरगं गोठायचं.

१९१७ मध्ये स्मिथ-बॅरीनं गॉस्पोर्टला शाळा काढली आणि हा सगळा प्रकार उलटा केला. त्याचं म्हणणं साधं होतं. विद्यार्थ्याला अडचणीपासून लांब ठेवू नका, मास्तर शेजारी असताना अडचणीत घाला आणि बाहेर कसं यायचं ते दाखवा. ॲव्हरो ५०४ या विमानात दोघांना जोडीचे कंट्रोल, आणि मास्तरचा आवाज पोचावा म्हणून एक बोलायची नळी. तिला पुढे 'गॉस्पोर्ट ट्यूब' असंच नाव पडलं. जोराच्या वाऱ्यातही उडायचं, स्पिन मुद्दाम करायची, वरच्या वर दहा वेळा.

गंमत म्हणजे मानसशास्त्रज्ञ इथे नंतर पोचले. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या पोराची भीती मेरी कव्हर जोन्स यांनी ससा हळूहळू जवळ आणत घालवली, ते प्रसिद्ध झालं १९२४ ला. वोल्पे यांनी त्या पद्धतीला व्यवस्थित शास्त्र दिलं १९५८ ला. स्मिथ-बॅरीनं मात्र ते आधीच विमानात करून दाखवलं होतं. भीतीच्या गोष्टीचा छोटा डोस, सोबत विश्वासाचा माणूस, आणि पुन्हा पुन्हा. लोड टेस्टिंग म्हणतात ते हेच. प्रॉडक्शनमध्ये पडण्यापेक्षा स्टेजिंगवर पडलेलं बरं.

जुहू आणि दख्खनची दुपार

आपल्याकडे हे सगळं आलं १९२८ च्या आसपास. सरकारी मदतीनं मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्ता इथे फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूला. विमान बहुतेक डी हॅविलँड मॉथ. लाकूड, कापड आणि उघडी बसायची जागा. १० फेब्रुवारी १९२९ ला चोवीस वर्षांच्या जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळालं. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी एक इंजिनाच्या पस मॉथमधून कराची-अहमदाबाद-मुंबई टपाल आणलं. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. म्हणजे सह्याद्री ओलांडून थेट दख्खनच्या पठारावरून. रेडिओ नाही, हवामानाचं रडार नाही.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. तसं बघितलं तर आमच्या जिल्ह्याला प्रवासी विमानतळ अजूनही नाही, आणि बीड शहरात रेल्वे पोचायला सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. पण आकाश आमचं एक नंबर आहे. म्हणजे काय ते सांगतो.

बीडचा उत्तर भाग म्हणजे गोदाकाठचा सखल पट्टा, गेवराई-माजलगावचा. दक्षिणेला बालाघाटाचं पठार. पाटोद्याकडच्या माळावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो. काळी उघडी जमीन तव्यासारखी तापते, शेजारचा भिजवलेला ऊस तेवढा तापत नाही, माजलगावच्या धरणाचं पाणी तर अजिबात नाही. तापलेल्या रानावरची हवा हलकी होऊन बुडबुड्यासारखी वर निघते. आजूबाजूची हवा तिची जागा घ्यायला खाली येते. वर जाणारी कोरडी हवा दर किलोमीटरला साधारण ९.८ अंशांनी थंड होत जाते, आणि जोवर ती आजूबाजूपेक्षा गरम आहे तोवर चढतच राहते. हाच थर्मल. त्याच्या बुडाशी फिरकी मिळाली आणि धूळ उचलली गेली की झाली आपली वावटळ. म्हणजे वावटळ हा थर्मलचा दिसणारा पाय. न दिसणारे थर्मल तिच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

चांगला थर्मल सेकंदाला पाच मीटर वेगानं वर जातो. मिनिटाला जवळपास हजार फूट. सेस्ना १७२ पूर्ण ताकद लावून मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट चढतं. म्हणजे त्या पोराच्या इंजिनापेक्षा खालचं नांगरलेलं रान ताकदवान आहे! वर त्याचं विमान हलकं. सेस्नाच्या पंखाच्या एका चौरस मीटरवर साधारण ७० किलो भार असतो, एअरबस ३२० च्या पंखावर ६०० किलोच्या वर. भरलेला ट्रक आणि रिकामी लूना एकाच खड्ड्यातून गेले तर कोण जास्त उडेल? तेच.

आणि सकाळी सातला हेच आकाश साय धरलेल्या दुधासारखं शांत असतं. भूत अकरानंतरच का येतं, याचं उत्तर हे.

घारीचा शोध

पण हेच भूत कोणाचं तरी अन्न आहे. दुपारच्या उन्हात घार बघा. पंख न हलवता गोल गोल फिरत ठिपका होईपर्यंत वर जाते. ती थर्मलमध्ये बसलेली असते. माणसाला ही युक्ती कळायला १९२० चं दशक उजाडलं. १२ ऑगस्ट १९२६ ला जर्मनीत मॅक्स केगेल नावाचा ग्लायडरवाला चुकून वादळी ढगात ओढला गेला. बिनइंजिनाचं विमान, आणि ढगानं त्याला वर खेचत नेलं. जिवंत उतरला तेव्हा तो सुमारे ५५ किलोमीटर लांब पोचला होता. त्या काळात हे अंतर म्हणजे चमत्कार. दोन-तीन वर्षांतच ग्लायडरमध्ये व्हेरिओमीटर आला. विमान वर चाललंय की खाली हे तो लगेच दाखवतो. मग लोक धक्के टाळायचे सोडून शोधायला लागले.

आपल्याकडे पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये कितीतरी मराठी पोरांनी हेच शिकलं. विंचनं ग्लायडर वर ओढायचा, दोर सोडायचा, आणि मग थर्मल सापडला तर आकाश तुमचं, नाही तर पाच-सात मिनिटांत खाली. त्या पोरांसाठी पंखाखाली बसलेला धक्का म्हणजे लॉटरी. धक्का तोच, हवा तीच. फरक फक्त डोक्यात.

याची दुसरी आवृत्ती खास दुष्काळी आहे. १९७३ ते १९८६ या काळात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं अहमदनगर-बारामतीकडच्या पर्जन्यछायेच्या भागात अकरा पावसाळे डकोटा विमानानं ढगांत मिठाची फवारणी केली. आमच्या अगदी शेजारी. पुढे २०१५ च्या आणि २०१९ च्या दुष्काळात औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) मराठवाड्यावर विमानं गेली. पाऊस नक्की किती वाढला यावर वाद झाले ते सोडा. वैमानिकाचं काम बघा. ढगाच्या तळाशी जिथे हवा वर चढते तीच जागा शोधायची आणि तिथे जाऊन रसायनाच्या नळकांड्या पेटवायच्या. म्हणजे पगार धक्के शोधण्याचाच.

मग मारतं काय?

आता मूळ प्रश्न. विमान तुटतं का?

छोटं साधं विमान स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट भार सोसेल असं बनवतात, आणि त्यावर दीडपट राखीव ताकद, म्हणजे ५.७ पट. शिवाय एक 'मॅन्युव्हरिंग स्पीड' असतो. त्याच्या खाली असताना मोठा झोत बसला तर भार मर्यादेच्या पलीकडे जायच्या आत पंखाची पकड सुटते. म्हणजे घर जळण्याआधी फ्यूज उडतो. हा वेग वजनावर अवलंबून. पूर्ण भरलेल्या सेस्ना १७२ ला साधारण १०५ नॉट, हलक्याला ९०. होय, हलकं विमान असेल तर वेग अजून कमी ठेवायचा. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं.

१९४६-४७ मध्ये अमेरिकेनं तर कमालच केली. युद्धातून उरलेली ब्लॅक विडो विमानं घेऊन मुद्दाम वादळी ढगांत घुसवली. तेराशेच्या वर वेळा. एकही विमान गमावलं नाही. वादळी ढगाच्या जन्म-तारुण्य-म्हातारपणाची जी आकृती आपण पुस्तकात बघतो ती या उड्डाणांतून आली.

पण म्हणून टर्ब्युलन्स कधीच मारत नाही असं समजू नका. ५ मार्च १९६६ ला जपानच्या फुजी पर्वताच्या वाऱ्याआड बोईंग ७०७ हवेतच तुटलं, १२४ माणसं गेली. डोंगरामागचा जोराचा वारा आणि वादळी ढग या दोन गोष्टींशी पैज नाही. आमच्याकडे वळवाचा पाऊस आणि गारपीट घेऊन येणारा ढग दिसला की छोट्या विमानानं तिकडे फिरकायचंच नाही. वरच्या प्रयोगातली विमानं भक्कम लढाऊ होती आणि वैमानिक निवडक, हे विसरू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. १२ नोव्हेंबर २००१, न्यूयॉर्क. अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ नंबरचं उड्डाण पुढच्या जंबोनं घुसळलेल्या हवेत शिरलं. झोत सोसण्यासारखा होता. पण को-पायलटनं तो सावरण्यासाठी रडर पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे असा काही सेकंदांत अनेकदा दाबला. शेपटीचा उभा पंख तुटला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५, एकूण २६५ माणसं गेली. चौकशीचा निष्कर्ष होता की ही रडरची दाबादाबी अनावश्यक आणि अति होती. त्याच्या ट्रेनिंगमध्ये आणि त्या रडरच्या रचनेतही दोष सापडले. फ्यूजवाला तो वेगही अशा उलटसुलट दाबण्यापासून वाचवत नाही, हे जगाला तेव्हा नीट कळलं.

म्हणजे बघा, हवेनं दिलेला धक्का विमान सोसतं. आवळलेल्या हातांनी दिलेला सोसेलच असं नाही. "हात आपोआप आवळले जातात" हे त्या पोराचं वाक्य मला म्हणूनच महत्त्वाचं वाटलं. भीतीपेक्षा तिथे बघायला हवं.

तर करायचं काय

एवढ्या इतिहासातून जे उरतं ते फार थोडं आहे. मी त्याला असं लिहून पाठवलं:

१. वेग मॅन्युव्हरिंग स्पीडच्या खाली आण, पट्टा घट्ट कर. मग विमानाची काळजी विमानावर सोड.

२. उंची धरून ठेवायचा हट्ट नको. नाक आणि पंख क्षितिजाशी सरळ ठेव. शंभर फूट वर गेलास तर थोड्या वेळात खाली येशील. थर्मल देतो आणि घेतोही.

३. कंट्रोल दोन बोटांनी आणि अंगठ्यानं धर. मूठ करायचीच नाही. रडर हळू.

४. खाली बघ. नांगरलेलं रान आलं की वर, धरण आलं की खाली, असं मनात आधीच म्हण. माहीत असलेला धक्का निम्माच लागतो.

५. मास्तरांना स्पष्ट सांग की मला दुपारच्या हवेची भीती वाटते. मग त्यांच्यासोबत दहाला, पुढे अकराला, असं सरकत जा. भीती लपवून २०० तास पूर्ण करण्यात काही मर्दुमकी नाही. स्मिथ-बॅरीनं शाळा याच्यासाठीच काढली होती.

६. वळवाचा ढग दिसला तर उडू नकोस. ती भीती जन्मभर जपून ठेव.

यातला पाचवा मुद्दा सगळ्यात अवघड आहे, कारण तो घरीही लागू आहे. आमच्याकडे मुलानं बापाला "मला भीती वाटते" म्हणायची पद्धत नाही. कर्ज काढलेल्या बापाला तर नाहीच नाही. पण पार्कनं पन्नास फुटांवरून वाचल्यावर काय केलं ते आठवा. गप्प बसला नाही. सगळं सांगितलं, म्हणून पुढची पोरं वाचली.

असो. पुढच्या वेळी नागपूरहून येताना कुठेतरी मराठवाड्यावर सीटबेल्टचा दिवा लागला आणि कॉफी हिंदकळली, तर शेजाऱ्याचा हात घट्ट धरायच्या आधी खिडकीतून खाली बघा. कुणाचं तरी नांगरलेलं रान तापत पडलेलं असेल.